नागूआक्कांच्या कुंडीत उगवलं ते

या मित्रांनो, असे जरा जवळ सरका. माझा आवाज लहान आहे आणि आता अंगात फारसं बळही उरलेलं नाही. कीर्तनाला बसता तसे मांडी घालून बसा. ज्याला टेकायला भिंत हवी त्यानं भिंत धरावी. मी तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात एक झाड आहे, पाच कुंड्या आहेत, आणि त्या कुंड्यांत रोज न चुकता काहीतरी पेरणारी एक बाई आहे. ती काय पेरत होती हे कळल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा. मीही हसले असते, पण आम्हांला हसायचं तोंड दिलेलं नाही, नुसती एक लांब सोंड दिली आहे.

मी एक जुनी, थकलेली पाकोळी आहे. शाळेच्या पुस्तकात माझ्या जातीला पतंग म्हणतात. दोऱ्यानं उडवता तो नव्हे, दिव्यावर येऊन आदळतो तो. तुम्ही म्हणाल, पाकोळी कसली जुनी? मला पंख फुटले त्याला आज पंधरा दिवस झाले. आमच्यात पंधरा दिवसांची पाकोळी म्हणजे पणजी. माझे पंख करडे आहेत, त्यांवर पेन्सिलीनं ओढल्यासारख्या चार बारीक काळ्या रेघा आहेत. सालीवर बसले की साल कुठं संपली आणि मी कुठं सुरू झाले हे चिमणीलाही उमगत नाही. आता मात्र पंखांवरची भुकटी झडली आहे, डाव्या पंखाची कड फाटली आहे, आणि या कुंडीच्या काठावरून त्या फांदीवर जायचं म्हटलं तरी मला दोनदा थांबावं लागतं.

आमच्या घराण्याची एक खोड आहे. आमच्या अळ्या चिडाच्या झाडाच्या सुयांसारख्या पानांशिवाय दुसरं काही खात नाहीत. फणस द्या, जांभूळ द्या, उपाशी मरतील पण तोंड लावणार नाहीत. आणि या मुलखात ते झाड उगवत नाही. खानापूरपासून लोंढ्यापर्यंत रान पसरलं आहे, कणकुंबीकडून धुकं येतं तेव्हा डोंगरसुद्धा झाडांतच बुडून जातात. पण चिडाचं झाड आम्हांला ठाऊक असलेलं एकच. नागूआक्कांच्या अंगणातलं. गावात त्याला ‘मिलिट्रीचं झाड’ म्हणतात. ते एक झाड म्हणजे आमचं सगळं जग.

आता ते इथं कसं आलं ते ऐका. हा आमच्या गोष्टीचा पूर्वरंग.

नागूआक्कांचे मालक आण्णाप्पा फौजेत हवालदार होते. बावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली पुष्कळ उत्तरेच्या डोंगरांत. तिथं त्यांचा एक दोस्त होता, कुमाऊँचा हयातसिंग. एकदा बर्फात आण्णाप्पांचा पाय मोडला तेव्हा हयातसिंगानं त्यांना पाठीवर घेऊन अर्धा डोंगर उतरवला होता. आण्णाप्पा नोकरी संपवून घरी निघाले तेव्हा हयातसिंगानं आपल्या घरामागचं एक वीतभर चिडाचं रोप खणलं. खणताना मुळांची माती झटकली नाही. मातीसकट रोप तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवलं आणि म्हणाला, ‘‘परक्या गावाला निघालंय. थोडी घरची माती सोबत असू दे बिचाऱ्याला.’’

त्या मातीत दोन कोष होते. एक माझ्या खापरपणजीचा आणि एक खापरपणजोबांचा. ते ना हयातसिंगाला ठाऊक होतं, ना आण्णाप्पांना.

आण्णाप्पा तीन दिवस रेल्वेत डबा मांडीवर घेऊन बसले. शेवटच्या दिवशी डोळा लागला आणि खानापूर मागं राहिलं. जाग आली ती थेट लोंढ्याला. तिथल्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत डबा पोटाशी धरून बसलेल्या त्या मिशीवाल्या फौजीला बघून हमाल म्हणाला होता, ‘‘काय मिलिट्री, एवढं जपायलाय, तूप घरचं हाय काय?’’ आण्णाप्पांनी डबा पुढं केला. ‘‘बघ की, घरचंच हाय.’’ हमालानं आत डोकावलं आणि म्हणाला, ‘‘आयला! ह्या तुपाला पानं फुटली की!’’ ही हकिगत आण्णाप्पा आयुष्यभर सांगत, आणि दर वेळी आधी स्वतःच हसत.

झाड वाढलं, घराच्या कौलांच्या वर गेलं. आमचं घराणंही गुपचूप वाढलं. फार नाही, दरसाल दहा-वीस जीव. कुणाच्या डोळ्यांवर आलो नाही.

चार वर्षांपूर्वी आण्णाप्पा गेले. जाण्याआधी त्यांनी मुलाला, समर्थला, जवळ बोलावलं. ‘‘झाड ठेव असं म्हणत न्हाय मी. घर तुझं, अंगण तुझं. पर काढायचं झालंच तर आधी ह्याच्याच बीचं रोप लाव, आणि मग काढ. ही जात ह्या मातीत ऱ्हाईल म्हणून हयातसिंगाला शबूद दिलाय.’’ समर्थनं वडलांच्या हातावर हात ठेवून ‘‘व्हय, आप्पा’’ म्हटलं. नागूआक्का उशाशी होत्या. म्हणजे शब्द दोघांनीही दिला.

माझा जन्म गेल्या आषाढातला. अंड्यातून बाहेर आले तेव्हा मी पानाच्या सुईएवढी होते, आणि अंगावर पांढरे पट्टे असल्यामुळं सुईसारखीच दिसत होते. शेपटीवर एक छोटं शिंग. त्यानं कुणाला मारता येत नाही, नुसतं मिरवायचं. आमचं काम एकच, खाणं. पण आमच्या फांदीचं एक भाग्य होतं, मित्रांनो. ती शेजारच्या विठ्ठलाच्या देवळाच्या भिंतीवरून आत वाकली होती. दर एकादशीला संध्याकाळी तिथं कीर्तन होई. बेळगावाहून राघवेंद्रबुवा येत. झांजेचा पहिला ठोका पडला की फांदीला बारीक कंप सुटे आणि आम्ही सगळ्या खाणं थांबवत असू. पुढचं अर्धं अंग वर उचलून, पुढचे पाय छातीशी घेऊन, मान आत वळवून गप्प बसत असू. बुवांचा गळा गोड. ते नामाचा गजर करत तेव्हा आमच्या पोटातली पानंसुद्धा मऊ होत असावीत. शब्द फारसे कळायचे नाहीत. पण तुम्हांला तरी सगळे कळतात का? गोडी लागते ती लागतेच.

आता आख्यान लावते. नीट ऐका.

गेल्या वैशाखात समर्थनं अंगणात सिमेंटच्या फरशा बसवल्या. येत्या गुढीपाडव्याला गाडी घ्यायचं त्याच्या मनात होतं. तो बेळगावात एका कारखान्याच्या ऑफिसात जातो, पावसात मोटरसायकलवरून भिजून येतो. त्याचंही काही चुकलं नाही. फरशा झाडाच्या बुंध्यापर्यंत घट्ट बसवल्या. बोटभर माती उघडी राहिली नाही. गाडी उभी करायला झाडाचा तेवढा अडथळा होता.

याआधी वर्षानुवर्षं आमची लेंडी मातीत पडायची आणि मातीत मिसळून जायची. आता ती पांढुरक्या फरशीवर पडू लागली आणि दिसू लागली. श्रावणातल्या एका सकाळी समर्थ दात घासत अंगणात आला आणि तिथूनच ओरडला.

‘‘आई, हे बघ की! झाडाला बी आली!’’

नागूआक्का चुलीपासून उठून आल्या. ‘‘कसली बी? इतकी वर्सं झाली, कवा बी धरली न्हाय त्यानं.’’

‘‘मग ही काय खाली पडलीया? पसाभर हाय.’’

नागूआक्कांनी चार दाणे तळहातावर घेतले. वेलदोड्याच्या दाण्याएवढे, हिरवट तपकिरी, अंगावर बारीक रेघा. नाकाशी नेले. वास त्या झाडाचाच आला. येणारच! आम्ही दुसरं खातो तरी काय? आणि गावात चिडाचं बी पाहिलेला माणूस एकच होता, तो चार वर्षांपूर्वी गेला होता.

‘‘वास तर ह्याचाच हाय,’’ नागूआक्का हळू म्हणाल्या.

संध्याकाळी समर्थ खानापुरातून पाच कुंड्या आणि एक पोतं माती घेऊन आला. त्यात हौसेनं शेणखत मिसळलं. ‘‘पाडव्यापतूर रोप वीतभर झालं की काम झालं, आई. आप्पांचा शबूदबी ऱ्हाईल आणि गाडीबी दारात ऱ्हाईल. झाड तोडणाऱ्या जोतिबाला सांगून ठिवतो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी नागूआक्कांनी फरशीवरचे दाणे एकेक वेचले आणि कुंडीत पेरले. मालकांचा शब्द होता. वरून तांब्यानं पाणी घातलं. मग कुंडीवर हात ठेवून त्या जे पुटपुटल्या ते मी फांदीवरून ऐकलं. ‘‘देवा, मालकांचा शबूद खोटा पडू देऊ नको. पर उगवू नको रं एवढ्यात.’’

तेव्हापासून त्यांचा रोजचा नेम झाला. वेचायचं, पेरायचं, पाणी घालायचं, आणि उगवू नये म्हणून हात जोडायचे. हात जोडून झाले की आपण काय मागितलं याची लाज वाटून पुन्हा एकदा हात जोडायचे.

माडीवरच्या खोलीत निवेदिताबाई भाड्यानं राहतात. गावच्या शाळेत शिकवतात. वीसेक दिवसांनी त्या कुंड्यांपाशी थांबल्या, एक दाणा उचलला, ओल्या बोटांनी चोळला. त्याचा हिरवा चोथा झाला. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

‘‘नागूआक्का, हे बी नाही हो.’’

‘‘मग?’’

‘‘वर बघा. ती फांदीवर बसलीय ना जाडजूड, पाठीवर तपकिरी पट्टा असलेली? ससाणा पतंगाची अळी आहे ती. हे तिचं... म्हणजे तिची लेंडी आहे.’’

नागूआक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान आत घेतली. कुणी आपल्या लेंडीविषयी बोलत असताना कुठं बघावं हे मला कळेना.

‘‘म्हंजे बाई,’’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘‘वीस दिस झालं, मी आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन, लेंड्या पेरायलोय?’’

निवेदिताबाईंनी ओठ चावला. पण नागूआक्काच आधी हसल्या. पदर तोंडाला लावून, कट्ट्यावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या.

‘‘म्हंजे ह्यातनं कवाच काय उगवायचं न्हाय?’’

‘‘कधीच नाही. खरं बी लाकडासारख्या टणक बोंडात असतं. तसलं बोंड या झाडावर मला तरी दिसत नाही.’’

‘‘मग समर्थला बोलू नका, बाई.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी नागूआक्कांनी नेहमीसारखे दाणे वेचले. नेहमीसारखे पेरले. पाणी घातलं.

बाईंचा अंदाज चुकला तर, या भीतीनं ‘उगवू नको’ म्हणायचंही त्यांनी सोडलं नाही. पण त्या भाविक आहेत, त्यामुळं मनाला टोचणी होती. एकादशीचं कीर्तन संपलं, माणसं पांगली, तेव्हा त्या बुवांच्या पाया पडल्या आणि सगळं सांगून म्हणाल्या, ‘‘बुवा, उगवायचं न्हाय हे ठाऊक असून पेरलं तर पाप लागतं काय?’’

राघवेंद्रबुवा उपरण्यानं घाम पुसत होते. ‘‘पेरल्याचं पाप मी कुठल्या पोथीत वाचलं नाही, आक्का. मुलाशी खोटं बोललात का?’’

‘‘त्यानं इचारलंच न्हाय.’’

‘‘आणि विचारलं तर?’’

नागूआक्कांनी खाली बघितलं. बुवा म्हणाले, ‘‘त्या दिवशी मात्र खरं सांगायचं. तोवर पेरा.’’

पण सुख फार दिवस टिकत नाही, ना माणसांचं ना अळ्यांचं. गणपतीच्या आधी नागूआक्कांचे धाकटे भाऊ भरमू निपाणीकडून आले. त्यांची तंबाखूची शेती. कीड म्हटलं की त्यांचा हात शिवशिवतो. आल्या आल्या झाडाकडे बघून म्हणाले, ‘‘समर्था, झाडाला अळी लागलीया की रं! तुला डोळं हाईत का बटणं?’’

‘‘मामा, मग काय करूया?’’

‘‘करायचं काय? तंबाखूचा चुरा आणलोयच मी तुमच्या शेजाऱ्यांच्या परसातल्या किडीला. भिजत घालतो. सकाळी पंपानं मारतो. एक जित्ती ऱ्हायची न्हाय.’’

सकाळी नागूआक्का देवळात गेल्या होत्या. भरमूमामांनी पाठीवर पंप घेतला आणि पश्चिमेच्या बाजूनं सुरुवात केली. मित्रांनो, त्या बाजूला माझ्या बहिणी होत्या. मी पूर्वेला होते म्हणून आज बोलते आहे. तो काळा, उग्र फवारा लागला की अळी आधी आक्रसते, मग पायांची पकड सुटते. त्या टपटप फरशीवर पडत होत्या. खाली माती असती तर आवाज तरी आला नसता.

नागूआक्का फाटकातून आत आल्या ते ओरडतच. ‘‘भरमू! खाली ठेव ते!’’

‘‘का गं आक्का? कीड मारायलोय.’’

‘‘ह्या झाडाचं बी वेचायलोय मी. फुलोऱ्यातल्या, बी धरल्याल्या पिकावर तू कवा औषध मारतोस?’’

मामा गोंधळले. शेतकरी माणूस, हा प्रश्न त्यांना कळला. समर्थ मागून म्हणाला, ‘‘व्हय की मामा, बी थांबली तर रोप कसं येणार?’’ भरमूमामांनी पंप उतरवला आणि पुटपुटले, ‘‘मिलिट्रीवाल्याची बायको. हुकूमच सोडती.’’

मग नागूआक्का पूर्वेच्या फांदीजवळ आल्या. मी पुढचं अंग उचलून, पाय छातीशी धरून, ताठ झाले होते. त्या मला बघून हळहळल्या. ‘‘हात जोडून बसलीया बघ बिचारी. कीर्तनात बसत्यात तशी.’’

खरं सांगते, मी हात जोडले नव्हते. मी भ्याले होते. आम्ही भ्यालो तरी तशाच बसतो आणि ऐकत असलो तरी तशाच बसतो. पण त्या दिवशी नागूआक्काही भ्यालेल्याच होत्या, आणि त्यांचेही हात जोडलेलेच होते.

भाद्रपदात माझं खाणं संपलं. आम्हांला तेव्हा एकच ओढ लागते, माती. जमिनीत शिरायचं, कोष करायचा, झोपायचं. वाचलेले आम्ही बारा जण बुंध्यावरून खाली उतरलो. खाली माती नव्हतीच. दोन फरशांमधल्या फटीत सिमेंट, बुंध्याशी सिमेंट, गटाराच्या काठाला सिमेंट. आम्ही चालत राहिलो. ऊन चढलं तशी फरशी तापली. एकीला मुंग्यांनी धरलं. दोघी मोटरसायकलखाली गेल्या. बाकीच्या वाळल्या. मी पाहत होते आणि चालत होते. इतकं थकायला मला आयुष्यात नंतर फक्त आज झालं आहे.

मग मला ओळखीचा वास आला. चिडाच्या पानांचा, कुजून गोडसर झालेला. मी त्या दिशेनं गेले, भाजलेल्या मातीची एक उभी भिंत चढले, आणि पलीकडे मऊ, ओली, भुसभुशीत माती होती. नागूआक्कांची तिसरी कुंडी! दीड महिना रोज पेरलेली आमचीच लेंडी तिथं होती. तिच्या वासानं मी घरी पोचले. पहिल्या कुंडीत आणखी एकजण पोचला. बारांतले दोन.

दुसऱ्या दिवशी समर्थ वाळलेल्या अळ्या झाडून काढत होता. मी मातीत वीतभर खाली होते, तरी त्याचा खराटा थांबल्याचं मला कळलं. ‘‘ह्यांना कुठं जायचं असतं काय की,’’ तो स्वतःशीच म्हणाला.

कोषातले सहा महिने मी काय सांगू? अंधार. सकाळी वरून झिरपणारं थोडं पाणी. एकादशीला भिंतीपलीकडून झांजेचा ठोका, तो मातीतूनही येतो. आणि रोज एक थकलेला आवाज, ‘‘उगवू नको रं.’’ मला वाटायचं, हे मलाच सांगतायत. म्हणून मी जमेल तितकी उशिरा उगवले.

फाल्गुनातली वद्य एकादशी होती. पाडवा पाच दिवसांवर आला होता. समर्थनं गाडी ठरवली होती. कीर्तनाआधी बुवा नागूआक्कांच्या कट्ट्यावर चहा घेत बसले होते, निवेदिताबाई वह्या तपासत होत्या. ऊन उतरलं होतं. माझं अंग आतून ढकलू लागलं. मी वर सरकले, आणखी सरकले, आणि माथ्यावरची माती तडकली.

‘‘आई!’’ समर्थ ओरडला. ‘‘तिसऱ्या कुंडीत माती फुगलीया! उगवलं, आई, उगवलं!’’

बुवा कपासकट उभे राहिले. निवेदिताबाईंच्या मांडीवरून वह्या घसरल्या. नागूआक्का भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या आणि चौकट धरून थांबल्या. जे कधी उगवणार नाही असं बाईंनी सांगितलं होतं ते उगवत होतं. त्यांनी वर झाडाकडे पाहिलं. ती नजर, मित्रांनो, निरोपाची होती.

आणि मातीतून मी बाहेर आले. ओली, करडी, केसाळ, पंख चुरगळलेल्या फडक्यासारखे.

समर्थ वाकून बघत राहिला. ‘‘हे काय उगवलं?’’

निवेदिताबाईंनी नागूआक्कांकडे पाहिलं, बुवांनी कपात पाहिलं.

‘‘आई? काय हाय हे? रोप कुठाय?’’

त्यानं विचारलं होतं. नागूआक्का उंबऱ्यावर बसल्या. ‘‘रोप न्हाय बाळा. ते बी न्हवतंच. झाडावरल्या अळ्यांची लेंडी हाय ती. त्या अळीचीच ही पाकोळी झाली.’’

‘‘लेंडी?’’ समर्थ एकेकाकडे बघू लागला. ‘‘बाई, तुम्हालाबी ठाऊक होतं? बुवा, तुम्हालाबी?’’

‘‘कीर्तनकाराला बरंच ठाऊक असतं रे,’’ बुवा चहाकडेच बघत म्हणाले. ‘‘सगळं सांगत बसलो तर आरती व्हायची नाही.’’

‘‘सात महिनं! कुंड्या मी आणलो. खत मी घातलो. ऑफिसात सगळ्यांना सांगितलो, आमच्या आप्पांच्या झाडाचं बी पेरलंय म्हणून. मला फसीवलीस की, आई!’’

‘‘व्हय. फसीवलो.’’ नागूआक्कांनी पिठाच्या हातांकडे पाहिलं. ‘‘तुझ्या आप्पांचा शबूद मोडायचा न्हवता आणि झाडबी जाऊ द्यायचं न्हवतं. रोज सकाळी उठून पेरायचं, आणि रोज उगवू नये म्हणून देवाला सांगायचं. दोन्हीकडनं दमलो रं मी. लई दमलो.’’

मी तेवढ्यात कुंडीच्या काठावर आले होते. आम्हांला पंख पसरायला उंचावर चढून लोंबकळावं लागतं, नाहीतर ते चुरगळलेलेच वाळतात. कुंडीच्या काठावर समर्थचा हात टेकलेला होता. मी त्याच्या बोटावर चढले, मनगटावरून बाहीवर गेले आणि तिथं लटकले.

‘‘हात हलवू नको हं,’’ निवेदिताबाई म्हणाल्या. ‘‘तासभर तरी.’’

‘‘तासभर?’’

भिंतीपलीकडे झांज वाजली. बुवा लगबगीनं गेले. समर्थ हात वर धरून तसाच देवळात गेला. दारात कुणीतरी म्हणालंच, ‘‘काय समर्था, झेंडा धरल्यागत हात का? शाळंत उत्तर येतंय व्हय?’’ सगळे हसले. तो हसला नाही, पण त्यानं हात खालीही घेतला नाही. पूर्वरंग सरेपर्यंत त्याच्या बाहीवर माझे पंख भरत गेले, ताठ झाले, वाळले. आयुष्यात पहिल्यांदा मी कीर्तन देवळाच्या आत, माणसांत बसून ऐकलं.

मग मी उडाले आणि बुवांच्या पगडीवर बसले. मुलं खिदळली. बुवा गाणं न थांबवता म्हणाले, ‘‘आज श्रोता डोक्यावरच बसला आहे. निरूपण सांभाळून केलं पाहिजे.’’

राघवेंद्रबुवांची एक रीत आहे. आरतीआधी ते झांजा थांबवतात आणि सांगतात, ‘‘ज्याच्यामुळं आपण आज इथं बसलो आहोत अशा एका माणसाचं नाव घ्या. मनात घ्या, मोठ्यानं घ्या.’’ लोक मनातच घेतात. त्या संध्याकाळी शांततेत नागूआक्कांचा आवाज आला. ‘‘हयातसिंग.’’

गावाला कळेना हा कोण. समर्थला कळलं. मी कधीच उडाले होते, तरी त्याचा हात अजून वरच होता. तो त्यानं तेव्हा खाली घेतला.

आधी सांगून ठेवल्याप्रमाणं दुसऱ्या दिवशी जोतिबा कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा समर्थनं त्याच्याकडून पहार मागून घेतली आणि बुंध्याभोवतीच्या नऊ फरशा स्वतः उचकटल्या. ‘‘रोप आल्याबिगर झाड काढायचं न्हाय असं आप्पांचं म्हणणं हाय,’’ तो म्हणाला. ‘‘आणि रोप आलं न्हाय.’’ गाडी पाडव्याला आली. ती देवळाच्या भिंतीशी गल्लीत उभी असते. तिच्यावर रोज सुया पडतात, आणि समर्थ रोज कुरकुर करत त्या झटकतो.

पहिल्या कुंडीतला माझा सोबती दोन दिवसांनी आला. मी पूर्वेच्या फांदीवर सत्तरेक अंडी घातली आहेत. पश्चिमेची बाजू अजून रिकामीच आहे. तिकडे माझ्यानं जाववत नाही. आज चैत्रातली एकादशी. झांजेचा ठोका पडला की मी डोळे मिटीन म्हणते. मिटायला आम्हांला पापण्या नाहीत, पण तुम्ही समजून घ्या.

मित्रांनो, थकलेल्या म्हातारीचं एवढं ऐका. अंगणात फरशी घाला, गाडी आणा, पण झाडाच्या पायाशी हातभर माती मोकळी ठेवा. वरून कुणाकुणाला खाली उतरायचं असतं. आणि झाड लावायला कुणाला रोप दिलंत तर मुळांची माती झटकू नका. त्या मातीत कोण झोपलेलं असतं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आणि शेवटचं. आरतीआधी बुवा थांबतील तेव्हा तुमच्या घरातल्यांची नावं तर घ्याच. पण नागूआक्का आता थकल्या आहेत, कधीकधी त्यांचा आवाज फुटत नाही. तेव्हा त्यांच्या वतीनं एक नाव तुम्ही घ्या. या गावात त्याला कुणीच पाहिलं नाही, आणि आपल्या एका डब्यातून इथं काय काय उगवलं हे त्यालाही कधी कळलं नाही. हयातसिंग. त्याची आठवण ठेवा.